झुंबरबाईचा इलाज

सुलतानपूरच्या बाजारात झुंबरबाईचं पाल कुठे आहे, हे विचारायची वेळ कधी कुणावर आली नाही. कान उघडे ठेवले की झालं. "ये वं माय, हे वांगं पाह्य. आतून कीड निघाली तं आणून माह्या तोंडावर फेक," असा आवाज तीन पालं ओलांडून ऐकू यायचा. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, गवार, हंगाम असेल तसं. भाजीवर पाणी शिंपडून शिंपडून तिचे हात सदा ओले असायचे. आणि त्या ओल्या हाताला एक खोड होती. कुणी बाई लेकरू घेऊन भाजीला आली की झुंबरबाईचा हात आधी लेकराच्या कपाळाला जायचा आणि मग तराजूला. ओळख असो की नसो. शेजारी मिरची घेऊन बसणारी कलाबाई हसायची. म्हणायची, अवं, ते भाजी घ्यायला आलंय, दवाखान्यात भरती व्हायला नाही. पण झुंबरबाईला त्याशिवाय चैनच पडायची नाही. कपाळ गार लागलं की ती खूश व्हायची आणि वर दोन काड्या सांबार फुकट टाकायची.

तिच्या या खोडीला कारण होतं. थोरली अश्विनी झाल्यावर झुंबरबाईची दोन लेकरं तापात गेली. मग कितीतरी वर्षं पाळणा हललाच नाही. सगळ्यांनी आशा सोडल्यावर प्रेम झाला. नाव अश्विनीनंच ठेवलं, टीव्हीत पाहून. तेव्हा ती चांगली शाळेत जाणारी पोरगी होती आणि भाऊ झाला म्हणून गल्लीभर पेढे वाटत सुटली होती. आता अशा पोराला आईनं डोक्यावर घेऊ नये तर काय करावं? शिंक आली तरी झुंबरबाईचा हात कपाळाला. शाळेतून आला की दप्तर उतरवायच्या आधी हात कपाळाला. पोरगं वैतागायचं, हात झटकायचं, आणि एखाद्या दिवशी ती विसरली तर स्वतःच पुढे येऊन कपाळ करायचं.

नवरा भगवानराव म्हणजे एकदम सरळ माणूस. गळ्यात माळ. शेतात कांदा पिकवायचा, बाजारात विकायचा, पण जिभेला लावायचा नाही. दारूचं तर नावच काढू नका. चुलतभाऊ एकदा पिऊन दारात आला तर भगवानरावांनी त्याला ओट्यावर बसवून दुरून पाणी दिलं आणि तो गेल्यावर ओटा धुऊन काढला. अशा घरात बाटली आली. आणि ती आणली कुणी, तर भगवानरावांनीच.

झालं ते असं. प्रेम सातवीत होता. एक दिवस शाळेतून वाकून वाकूनच आला आणि ओसरीत आडवा झाला. कुशीत हात दाबून गुरासारखा ओरडायला लागला. मेहकरच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, मुतखडा आहे, बारीक आहे. गोळ्या दिल्या. भरपूर पाणी पाजा म्हणाला, बोअरचं नको, शुद्ध केलेलं, आणि लघवी गाळून बघत जा, पडेल आपोआप. आता या भागात मुतखडा म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, तो खरवडला तरी निघत नाही. घरोघरी कुणी ना कुणी कुशीला हात लावून बसलेलं असतंच. पण ते मोठ्यांचं. एवढ्या कोवळ्या पोराला ती कळ आली की झुंबरबाई रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून राहायची. डॉक्टर आपोआप म्हणाला, पण आपोआप म्हणजे कधी? ते काही त्यानं सांगितलं नव्हतं.

ते कलाबाईनं सांगितलं. तिच्या भावाचा खडा म्हणे बियरनं पडला. रोज एक पेला, आठवड्यात खडा बाहेर. झुंबरबाईनं कानावर हात ठेवले, तर पालावर आलेल्या आणखी दोघीतिघी बोलायला लागल्या. एकीचा दीर, एकीचा सासरा, एकीचा तर मास्तर असलेला जावई. सगळ्यांचे खडे बियरनं पडलेले. शिवाय बियर म्हणजे काही दारू नव्हे, ते जवाचं पाणी. दारू वेगळी. आणि औषधासारखं पाजायचं म्हटल्यावर त्यात पाप कसलं? आता इथे थांबून कुणाला तरी चार शिव्या हासडाव्यात असं वाटतं. पण देणार कुणाला? त्या बाया काही वैरिणी नव्हत्या. एकीनं तर पोरासाठी घरून बार्ली आणून दिली होती, उकळून पाजायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं परत कळवळलं, आणि झुंबरबाईनं भगवानरावांपुढे गोष्ट काढली. ते बराच वेळ माळेचे मणी चाचपत बसले. मग मोटारसायकल काढली. गावातल्या कुणी पाहू नये म्हणून मेहकरच्या रस्त्यावरच्या बियर शॉपीपर्यंत गेले, डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला दुपट्टा गुंडाळला, आणि पोऱ्याला म्हणाले, औषधाची दे. त्यानं विचारलं, कोणती? भगवानराव म्हणाले, लहान लेकराले चालते ती. तो पोऱ्या हसला आणि त्यानं एक दिली. बाटली पिशवीत, पिशवीवर पालक, असं करून ते घरी आले आणि आंघोळ करूनच आत शिरले.

पहिला घोट प्रेमनं थुंकला. कडू आहे म्हणाला, घाण वास येते म्हणाला. तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळला. तेव्हा झुंबरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, एका हातात फुलपात्र आणि दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा.

"पे माह्या राजा. औषध हाय. नाक दाब अन् गटकन पेऊन टाक. मंग गूळ देतो तुले."

पोरानं नाक दाबलं आणि आईसाठी पिऊन टाकलं. मग गूळ चोखत चोखत तिथेच मांडीवर झोपला. किती दिवसांनी पोराला शांत झोप लागली म्हणून झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय मुंग्यांनी भरून गेला तरी ती हलली नाही.

तो आठवडा सरायच्या आत खडा पडला. झुंबरबाई रोज चहाची गाळणी धरून उभी राहायची. त्या दिवशी गाळणीत तो दिसला, तांदळाच्या कणीएवढा, पिवळट, काटेरी. एवढ्याशा गोष्टीनं पोराचे एवढे हाल केले! तिनं तो धुतला, पुसला, आणि कुंकवाच्या जुन्या डबीत कापसावर ठेवला. अशी आनंदली की विचारू नका. बाजाराच्या दिवशी डबी कमरेला. येईल तिला उघडून दाखवायची, हे पाह्य, माह्या प्रेमचा. बायका डोळे मोठे करायच्या. किती पाजली, केव्हा पाजली, जेवणाआधी की नंतर, सगळं विचारून घ्यायच्या, आणि झुंबरबाई वैद्यासारखी सांगायची. हळूहळू त्याला नावच पडलं, झुंबरबाईचा इलाज. लोक डोणगावहूनसुद्धा विचारत यायचे. किती घरांत कितीजणांना पाजली गेली, देव जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेमला परत कळ आली. खरीच होती ती. बाटली आली, आणि या वेळी पोरानं नाक दाबलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी गूळ मागितला नाही. मग एक बाटली फ्रिजच्या दारात दुधाशेजारी कायमचीच राहायला लागली, कळ काही सांगून येत नाही म्हणून. आणि कळ वरचेवर यायला लागली. पाहुणे येऊन गेले की यायची, शाळेत मास्तरनं मारलं की यायची. आठवीत यायची ती नववीत जास्त यायची. प्रेम कुशीला हात लावायचा, चेहरा वेडावाकडा करायचा, "आई, कळ आली व," म्हणायचा, आणि झुंबरबाई हातातलं टाकून फ्रिज उघडायची.

तिला कळत नव्हतं का? कळत होतं. जिला वांगं न फोडता आतली कीड कळते, तिला पोटच्या पोराचं सोंग कळणार नाही? एकदा तर त्यानं उजवी कूस धरली होती, आणि खडा डावीकडचा. ती पाहत राहिली. पण शंभरातलं एखादं दुखणं खरं असलं तर? त्या एका खऱ्यासाठी ती बाकीची खोटी पाजत राहिली. भगवानरावांनी तर मनाची वेगळीच समजूत घालून ठेवली होती. ते म्हणायचे, "घरातल्या घरात पेते, आपल्या नजरेसमोर हाय. गावातले पोट्टे पाह्य, नाल्यात पडेल असतात." बाटली मात्र तेच आणायचे. आता तोंडाला दुपट्टाही गुंडाळायचे नाहीत. शॉपीतला तो पोऱ्या त्यांना लांबूनच पाहून पिशवी तयार ठेवायचा. माळ गळ्यात होतीच.

मग घरातली पुरेनाशी झाली. दहावी कशीबशी निघाली, अकरावीत नाव घातलं, पण कॉलेजात पाय टिकला नाही. गाडीवर पोरं घेऊन फिरायचं, रस्त्यावरच्या ढाब्यावर बसायचं. तिथे काही जवाचं पाणी मिळत नव्हतं. अंगानं वाळला, डोळ्यांखाली काळं आलं. कलाबाईच्या नातीच्या लग्नात हळदीच्या दिवशी बँडपुढे नाचता नाचता पंगतीत जाऊन पडला, वरणाच्या पातेल्यावर. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, माळकऱ्याचं पोरगं पाह्य. भगवानरावांनी त्याला उचलून गाडीवर घातलं आणि त्यानंतर ते गावातल्या कोणत्याच लग्नाला गेले नाहीत.

अश्विनी देऊळगाव राजाला दिलेली. लग्नातला तो प्रकार तिच्या कानावर गेला तशी ती पुढच्याच एसटीनं आली. प्रेमला शिव्या घातल्या, फ्रिज उघडून बाटली मोरीत ओतली, आणि मग आईला समोर बसवलं. तिचा राग खरा होता. भावावर जीवही तेवढाच होता. म्हणाली, पाजणारे तुम्ही, बंद करणारे बी तुम्हीच पाह्यजेत. त्यानं कुशीले हात लावला की तू पघळते, हे त्याले पक्कं ठाऊक हाय. मग तिनं आईचे दोन्ही हात धरले.

"आई, एक डाव त्याले रडू दे. पाह्यच नको त्याच्याकडे. कळीनं कोणी मरत नाही."

झुंबरबाईनं मान हलवली. पोटच्या पोरीला वचन दिलं की आता नाही.

आणि तिनं ते पाळलं हो. हेच तर सगळ्यात वाईट झालं. चारच दिवसांनी प्रेमनं कूस धरली, लोळला, आईला नाही नाही ते बोलला. झुंबरबाई चुलीपुढे भाकरी थापत बसून राहिली. भाकरीवर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं, पण मान वर केली नाही. थोड्या वेळानं आवाज बंद झाला. प्रेम उठला, भांग पाडला, गाडीला किक मारली आणि शिट्टी वाजवत निघून गेला. तेव्हा झुंबरबाईची खात्री पटली की अश्विनीचंच बरोबर. इतकी वर्षं आपण या सोंगाला भुललो. आता घट्ट राहायचं. पोरगं हातचं गेलं नाही अजून, आपण घट्ट राहिलो तर परत येईल. या एका आशेवर ती बाई ताठ झाली.

मग आला तो बाजाराचा दिवस. चैत्राचं ऊन सकाळीच चटके देत होतं. भगवानराव पहाटेच डोणगावला गेले होते, मिरचीची रोपं सांगून ठेवली होती ती आणायला. झुंबरबाईनं भाजीच्या जुड्या बांधून टेम्पोत टाकल्या आणि पदर खोचत आत आली, तर प्रेम अजून खाटेवर. गुडघे पोटाशी घेतलेले आणि अंगावर गोधडी. एवढ्या उन्हाळ्यात गोधडी! रात्री कुठून तरी पिऊन आला असेल आणि आता तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. लाज वाटते आहे हे बरंच आहे, असंही वाटलं.

"आई, कळ आली व," तो म्हणाला.

ती चपला शोधत राहिली.

"बियर नको मले. थंडी वाजून राह्यली. हात लावून पाह्य ना जरा."

झुंबरबाई दारात थांबली. बियर नको म्हणतो आहे, हे तिनं ऐकलं. हे नवंच होतं. पण हात लावला की आपलं काय होतं, हे तिलाच माहीत होतं. त्या पोरालाही माहीत होतं. कपाळाला हात लागला की ती पघळणार, फ्रिज उघडणार नाही तर ढाब्यासाठी पैसे देणार, आणि अश्विनीला दिलेलं वचन मातीत जाणार. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. झुंबरबाईनं पाण्याचा तांब्या भरून खाटेखाली ठेवला, तोंड दुसरीकडे करून ठेवला, आणि म्हणाली, "म्या आता काही भुलत नाही, बापा. ऊठ अन् भाकर खाय." आणि ती टेम्पोत जाऊन बसली.

त्या दिवशी बाजार मोठा झाला. झुंबरबाईचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. वांगी दुपारच्या आत संपली. ती कलाबाईला सांगत होती, आज मी नाही पघळली, पोरगं हात लाव म्हणत होतं तरी नाही लावला. कलाबाई म्हणाली, बरं केलं वं, असंच पाह्यजे. आणि झुंबरबाईला खरोखर वाटलं की आज आपण आई म्हणून काहीतरी शहाणपणाचं केलं. जाताना तिनं प्रेमसाठी कलिंगड घेतलं. त्याला आवडायचं, आणि लघवीलाही चांगलं.

ती घरी आली तेव्हा तांब्या खाटेखाली तसाच भरलेला होता. प्रेम गोधडीत थरथरत होता, दात वाजत होते, ओठ निळे. आई म्हणून हाक मारत होता, पण तिच्याकडे पाहत नव्हता. तेव्हा तिनं हात लावला. हात लावला आणि ओढून घेतला, एवढं कपाळ तापलेलं. कलिंगड हातातून कुठे पडलं तिला कळलं नाही. शेजारच्यांनी रिक्षा आणली. मेहकरच्या डॉक्टरनं बघितलं मात्र, आणि इथे थांबू नका म्हणाला, जालन्याला न्या. गाडीत भगवानराव वाटेतच चढले, रोपांच्या मातीनं भरलेल्या हातानं. झुंबरबाईनं सगळा रस्ता पोराच्या कपाळावर ओल्या पदराची घडी धरली होती. ती घडी सारखी वाळत होती आणि ती सारखी ओली करत होती.

जालन्याला दोन दिवस ठेवला. नळ्या लावल्या, यंत्रं लावली. मग गेला. सतरा वर्षांचा होता. मिसरूड नुकती फुटली होती.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं दोघांना बाजूला बसवून समजावून सांगितलं. खडा नळीत अडकला, लघवी तुंबली, तिच्यात पू झाला, आणि ते विष रक्तात गेलं. दारूनं अंगात ताकदही उरली नव्हती. थोडं आधी, सकाळीच आणला असता तर, असं म्हणून तो थांबला. भगवानरावांनी माळेला हात लावून विचारलं, पण साहेब, बियरनं तं पहिला खडा पडला होता ना? डॉक्टर म्हणाला, तेवढा बारीक खडा पाण्यानंही पडला असता. काहीच पाजलं नसतं तरी पडला असता.

हे ऐकताना झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडली नाही. रडणं तिच्यातून निघून गेलं होतं. तिला मांडीवर ते डोकं जाणवत होतं, नाक दाबलेलं, आईसाठी गटकन पिऊन टाकणारं.

गावात लोक म्हणाले, दारूनं गेला. कुणी म्हणालं, लाडानं गेला. झुंबरबाईनं कुणाचं तोंड धरलं नाही. दोन्ही खरंच होतं, आणि तिसरं खरं ती आणि कलाबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं. तेराव्याला अश्विनी आईच्या कुशीत शिरून रडली आणि विचारायला लागली, आई, त्या दिवशी त्यानं काही म्हटलं होतं का व? तुला काही कळलं नाही का? झुंबरबाई म्हणाली, नाही, झोपून होता, मी आपली बाजारात गेली. 'कळीनं कोणी मरत नाही' हे पोरीला आठवू नये म्हणून ती तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. एक लेकरू तर गेलं. दुसऱ्याच्या जिवाला हा घोर लावायचा नव्हता. भगवानरावांनी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. परत घातली नाही, आणि का, ते कुणी विचारलं नाही.

ती कुंकवाची डबी फेकून द्यायला झुंबरबाई विहिरीपर्यंत गेली होती. झाकण उघडलं. कापसावर तो खडा तसाच होता. प्रेमची राख पैनगंगेला गेली होती, कपडे वाटून टाकले होते. त्याच्या शरीरातलं या जगात एवढंच उरलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. झुंबरबाई विहिरीच्या काठावर बसली आणि तेव्हा ती रडली, अशी की शेतातली माणसं धावत आली. डबी तिनं परत कमरेला लावली.

पोळा झाल्यावर ती पुन्हा बाजारात बसायला लागली. घर खायला उठायचं. आवाज मात्र गेला होता. गिऱ्हाइकानं विचारलं तर भाव सांगायची, एवढंच. कुणी लेकरू घेऊन आलं तर हात मांडीवरच राहायचा. कलाबाई ते बघायची आणि मिरचीच्या ढिगाकडे तोंड करायची. इलाज तिनंच सांगितला होता. दोघी इतक्या वर्षांच्या शेजारणी, पण त्यावर एक अक्षर कधी बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला गीताबाई आली. शेतमजुरी करणारी, साधी बाई. बरोबर तिची पोरगी प्राची, पाचवीत असेल, फ्रॉकवर कुशीला हात दाबून. गीताबाईनं पावशेर मेथी घेतली, आणि घुटमळून खालच्या आवाजात विचारलं की काकू, प्राचीले खडा निंघाला, तुमचा तो इलाज, तो पेल्यानं द्यायचा की कपानं? हिच्या बाबानं बाटली आणून ठेवली आहे घरी. तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. प्रेम दारूनं गेला हे तिला माहीत होतं, आणि प्रेमचा खडा बियरनं पडला हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या. तशा त्या कोणीच ठेवल्या नव्हत्या.

 शेजारी कलाबाईनं मिरची निवडणं थांबवलं.

"तो इलाज नोहे, बाई," झुंबरबाई म्हणाली. आवाज लहान होता, पण दोन्ही बाजूंच्या पालांवर ऐकू गेला. "खडा त्याच्या त्याच्यानं पडला अस्ता. म्या माह्या लेकाले माह्या हातानं पेयाले शिकोलं. अन् खरं दुखलं त्या दिवशी म्या त्याले हात नाही लावला."

गीताबाई गोंधळली. म्हणाली, पण काकू, तुमच्याजवळ तर तो खडा होता डबीत, सगळ्यांना दाखवायच्या तुम्ही. झुंबरबाईनं कमरेची डबी चाचपली, पण काढली नाही. ती उठली. अर्धी भाजी तशीच पडलेली, भर बाजाराची वेळ. कलाबाईकडे न पाहता म्हणाली, माह्यं पाल पाह्यजो. कलाबाई डोळ्याला पदर लावून हो म्हणाली. गीताबाई म्हणत होती की आज मजुरीचे पैसे नाहीत, उद्या जातो, परवा जातो. झुंबरबाईनं त्यावर काही ऐकून घेतलं नाही. पोरीचं मनगट धरून ती रिक्षाच्या थांब्याकडे चालायला लागली आणि गीताबाईला मागून यावंच लागलं.

मेहकरच्या रिक्षात तिघी दाटीवाटीनं बसल्या. प्राची मधे. गीताबाई आता रडायला लागली होती, घरी ठेवलेल्या बाटलीच्या भीतीनं की आणखी कशानं, कोण जाणे. रस्त्याच्या खड्ड्यांनी पोरगी कळवळत होती. झुंबरबाई बाहेर बघत बसली होती. मग कुठल्याशा वळणावर तिचा हात मांडीवरून उठला आणि पोरीच्या कपाळावर गेला. कपाळ गार होतं. चांगलं गार, घामानं ओलसर. हात तिथेच राहिला.

थोडा वेळ गेला तरी हात निघेना, तेव्हा प्राचीनं वर पाहिलं.

"आजी, मले ताप नाही."

"माहीत हाय मले," झुंबरबाई म्हणाली. "राहू दे जरा."